परतीच्या आधीचे तीन दिवस

प्राग, बुडापेस्ट, व्हिएन्ना असा बारा दिवसांचा बेत घेऊन ओळखीतलं कुणी माझ्याकडे आलं, की मी आधी वहीचं शेवटचं पान उघडते. पहिल्या पानांवर सहसा काही चूक नसते. शेवटच्या पानावर मात्र हमखास दाटी झालेली दिसते. अकरावा दिवस: सकाळी ब्रातिस्लावा, दुपारी खरेदी, संध्याकाळी डॅन्यूबवर बोटीची फेरी. बारावा दिवस: सकाळी श्योनब्रुनचा राजवाडा, दुपारी तीनला विमानतळ. एवढे पैसे घालून गेलोय तर तासभरही वाया जायला नको, हा त्यामागचा विचार मला समजतो. दोन-तीन वर्षं पैसे बाजूला टाकून निघालेल्या माणसाला असं वाटणारच. तरीही ते पान मी पेन्सिलीने खोडते आणि सांगते, शेवटच्या तीन रात्री एकाच शहरात राहा, ज्या शहरातून विमान आहे त्याच शहरात, आणि शेवटच्या पूर्ण दिवसाचं एकही तिकीट आधी काढू नका.

हे मी ठेच लागून शिकले. एका सहलीत शेवटची सकाळ साल्झबर्गमध्ये घालवून दुपारच्या गाडीने म्युनिकचा विमानतळ गाठायचं आम्ही ठरवलं होतं. अडीच तासांचा रस्ता, हातात पाच तास. सीमेजवळच्या एका लहानशा स्टेशनात गाडी थांबली ती थांबलीच. घोषणा जर्मनमध्ये, फलाटावर वारा, सासूबाई बॅगेवर बसलेल्या आणि मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतेय. शेवटी टॅक्सी करून विमान गाठलं, पण त्या टॅक्सीला गेलेल्या पैशांत म्युनिकमध्ये आणखी एक रात्र आरामात राहता आलं असतं. त्या दिवशी सकाळी साल्झबर्गला काय पाहिलं, हे आज आमच्यापैकी कुणालाही नीट आठवत नाही.

म्हणून शहरांचा क्रम ठरवताना उलट्या बाजूने मोजायला घ्या. समजा परतीचं विमान व्हिएन्नाहून आहे. नकाशावर प्राग, मग व्हिएन्ना, मग बुडापेस्ट हा क्रम सरळ दिसतो. पण तो धरला तर शेवटच्या दिवशी बुडापेस्टहून परत मागे यावं लागतं. त्यापेक्षा प्रागहून थेट बुडापेस्टला जा. ब्रातिस्लावावरून जाणाऱ्या गाडीला सात तासांच्या आसपास लागतात. दिवस गाडीत जातो हे खरं, पण सहलीच्या मधोमध असा एक बसून काढलेला दिवस पायांना हवाच असतो. बुडापेस्टला दोन-तीन रात्री राहून मग व्हिएन्नाला या. हा प्रवास तीन तासांच्या आतला, त्यामुळे दुपारच्या जेवणापर्यंत तुम्ही शेवटच्या मुक्कामावर पोहोचलेले असता.

मुक्कामाचे दिवस मोजताना व्हिसाचा कागद समोर ठेवा. शेंगेन व्हिसावर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो चालतो, आणि त्या काळात एकूण किती दिवस राहता येतं. पुष्कळ जण फक्त तारखा बघतात. पण दिवसांची मर्यादाही तितकीच पक्की असते, आणि पोहोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही त्यात धरले जातात. विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर इथेच घोळ होतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर पासपोर्टावर शिक्का मारण्याऐवजी चेहऱ्याचं छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकात नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. म्हणजे दिवस मोजायचं काम आता यंत्र करतं, आणि ते एकही दिवस विसरत नाही.

आता वार बघा. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. आपल्याकडे रविवार म्हणजे बाजाराचा दिवस, त्यामुळे हे आधी सांगूनही खरं वाटत नाही. व्हिएन्नात शनिवारीही संध्याकाळी सहाला दारं लागतात. तुमचा शेवटचा दिवस रविवार असेल आणि भेटवस्तू त्या दिवशी घेऊ असं ठरवलं असेल, तर विमानतळावरच्या महागड्या दुकानाखेरीज काही हाती लागणार नाही. दूध, फळं, पाव असं काही लागलं तर मुख्य रेल्वे स्टेशनातलं किराणा दुकान रविवारी उघडं असतं. औषधांची दुकानं मात्र पाळीपाळीने उघडी राहतात, म्हणून रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या परतीच्या तारखेपुढे चार दिवस पुरतील एवढ्या जवळ असू द्या, आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नकोत.

संग्रहालयांचे वार निराळे. पॅरिसला लूव्र मंगळवारी बंद, ऑर्से सोमवारी बंद, व्हर्सायही सोमवारी बंद. फ्लॉरेन्सची उफित्सी सोमवारी बंद. प्रागमधली ज्यू वस्तीतली जुनी प्रार्थनास्थळं शनिवारी बंद असतात. राहिलेलं एखादं ठिकाण शेवटच्या दिवसावर ढकलत असाल तर आधी वार तपासा.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे घेतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे. मोबाइल आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. ऑक्टोबरात चुकलात तर तासभर आधी पोहोचाल, एवढंच. मार्चमध्ये चुकलात तर विमान जाईल. त्याबरोबर भारताशी असलेला वेळेचा फरकही उन्हाळ्यातल्या साडेतीन तासांवरून हिवाळ्यात साडेचार तासांवर जातो, म्हणून विमानतळावर न्यायला येणाऱ्यांना भारतातली वेळ तिकिटावर बघूनच सांगा, तोंडी हिशोब करू नका.

मग या मोकळ्या ठेवलेल्या दिवसांत करायचं काय? माझं उत्तर ठरलेलं आहे: नवीन काही बघू नका, आधी आवडलेलं एखादं ठिकाण पुन्हा बघा. सहलीत दहा दिवस आपण प्रत्येक गोष्ट पहिल्यांदाच बघत असतो. तिकिटाची रांग, रस्ता चुकण्याची धास्ती, फोटो, मुलांना तहान, कुणाला तरी स्वच्छतागृह हवं. या गडबडीत डोळ्यांसमोरून खूप काही जातं, आत फार थोडं उतरतं. दुसऱ्यांदा गेल्यावर रस्ता माहीत असतो, फोटो काढून झालेले असतात, आणि मग माणूस खरोखर बघायला लागतो.

व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये ब्रॉयगेलच्या चित्रांचं दालन आहे. थोरल्या पीटर ब्रॉयगेलची इतकी चित्रं जगात दुसरीकडे कुठेही एकत्र नाहीत. पहिल्या भेटीत आम्ही त्या दालनात जेमतेम दहा मिनिटं होतो, कारण पुढे इजिप्तच्या ममी बघायच्या होत्या. शेवटच्या दिवशी मी एकटी परत गेले आणि १५६५ सालच्या 'बर्फातले शिकारी' या चित्रासमोर बसले. तीन शिकारी डोंगरावरून गावाकडे परतताहेत, मागे दमलेली कुत्री, शिकार म्हणावी तर एका भाल्याला लटकलेला एकच कोल्हा. खाली गोठलेल्या तळ्यांवर मुंगीएवढी माणसं बर्फावर घसरत खेळताहेत. डावीकडे खाणावळीच्या दाराशी जाळ पेटवलाय. पहिल्यांदा मला फक्त बर्फ दिसला होता. या वेळी कुत्र्यांच्या खाली गेलेल्या माना दिसल्या, आणि थकून घरी निघालेल्या माणसांचं ते चित्र मला एकदम आपलं वाटलं. हे संग्रहालय उन्हाळ्याचे तीन महिने सोडले तर सोमवारी बंद असतं आणि गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. गुरुवार संध्याकाळ तुमच्या वाट्याला आली तर ती इथेच घालवा.

चित्रांची आवड नसेल तर बळेच जाऊ नका. रिंगवरून ट्रामने फिरा. जुन्या तटबंदीच्या जागी एकोणिसाव्या शतकात हा गोल रस्ता झाला आणि त्याच्या कडेला ऑपेरा, संसद, नगरभवन, विद्यापीठ अशा इमारती उभ्या राहिल्या. खिडकीशी बसलं की अर्ध्या तासात त्या सगळ्या पुन्हा डोळ्यांखालून जातात, गुडघ्यांना त्रास न होता. ७१ क्रमांकाच्या ट्रामने शहराच्या कडेला असलेल्या मध्यवर्ती दफनभूमीत जाता येतं. नाव ऐकून घरातली वडीलधारी माणसं जरा दचकतात, पण दुसऱ्या दरवाज्याने आत गेल्यावर सरळ, सपाट, झाडांनी भरलेल्या वाटेवर बेथोव्हन, शुबर्ट, ब्राम्स आणि योहान श्ट्राउस यांच्या समाध्या एकमेकांजवळ आहेत. प्रवेशाला तिकीट नाही, गर्दी नाही. ज्यांच्या सुरांच्या नावावर हे शहर तुम्हाला चॉकलेटं विकत होतं, ती माणसं इथे शांत झोपली आहेत. गाण्याची जाण असलेल्या माणसाने तिथे हात जोडल्याशिवाय शहर सोडू नये.

आणि एक दुपार कॉफीगृहात घालवा. व्हिएन्नाच्या कॉफीगृहात एक कप कॉफी मागवून दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही. कॉफीबरोबर छोट्या तबकात पाण्याचा पेला येतो. ते पाणी नळाचंच असतं, आणि ते प्यायला अजिबात कचरू नका. आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी १८७३ पासून नळाने या शहरात येतं. तिथेच बसून चार पोस्टकार्डं लिहा. तिकिटं तंबाखू आणि वर्तमानपत्रं विकणाऱ्या दुकानात मिळतात, त्या दुकानांना तिथे 'ट्राफिक' म्हणतात. पत्ता इंग्रजी अक्षरांत आणि पिनकोडसह, मजकूर मराठीत. पेटी पिवळ्या रंगाची असते. पत्र तुमच्या मागून घरी पोहोचतं. माझ्या आत्याने असं पत्र देवघराच्या फळीवर कितीतरी महिने लावून ठेवलं होतं. युरोपातून आणलेल्या दुसऱ्या कुठल्या वस्तूला तिने एवढा मान दिलेला मला आठवत नाही.

खरेदीकडे येऊ. आपल्या घरी बारा दिवसांच्या सहलीवरून रिकाम्या हाताने कुणी येत नाही, तेव्हा ती नीट करावी. खाऊ नेताना शाकाहारी घरांचा विचार आधी करा. केक आणि बिस्किटांत अंडं असतं, मऊ गोळ्यांत जिलेटिन. अंडं, दूध, सुकामेवा हे घटक युरोपीय नियमानुसार वेष्टनावर इतर घटकांपेक्षा ठळक छापावे लागतात, त्यामुळे मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून बघणं सोपं जातं. जिलेटिनला तो नियम लागू नाही, ते यादीत शोधावं लागतं. गुलाबी वेष्टनातली मानरची वेफर बिस्किटं हलकी, टिकाऊ आणि वाटायला बरी. काचेच्या गोळ्यात बर्फ पडताना दिसतो ती वस्तू १९०० साली व्हिएन्नातच एर्विन पेर्झी यांनी करायला घेतली आणि त्यांचं कुटुंब ती आजही बनवतं. भेट म्हणून सुंदर, पण आत पाणी असतं. ती हातातल्या पिशवीत ठेवली तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. मोज्यात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवा. जॅम, मध, मऊ चीज यांनाही द्रवाचाच नियम लागतो. पॉवर बँकेचं नेमकं उलट: ती हातातच ठेवावी लागते, मोठ्या बॅगेत चालत नाही.

मोठी खरेदी केली असेल तर कर परत मिळतो, पण तो मागावा लागतो. ऑस्ट्रियात मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २० टक्के आहे, जर्मनीत १९, इटलीत २२, हंगेरीत २७. एका दुकानातली एका वेळची खरेदी ठरावीक रकमेच्या वर हवी: ऑस्ट्रियात ७५ युरोंच्या वर, जर्मनीत ५० च्या वर, इटलीत ७० च्या वर, फ्रान्समध्ये १०० च्या वर. दुकानातच पासपोर्ट दाखवून अर्ज भरून घ्यायचा. हॉटेलात परत आल्यावर आठवलं तर उपयोग नाही. मध्यस्थ कंपनीचं शुल्क कापलं जातं, त्यामुळे हाती येणारी रक्कम दरापेक्षा कमी असते. विमानतळावर सगळ्यांचा गोंधळ होतो तो इथे: वस्तू मोठ्या बॅगेत असेल तर बॅग ताब्यात देण्याआधी सीमाशुल्काच्या खिडकीवर ती दाखवायची तयारी ठेवावी लागते. व्हिएन्नाहून फ्रँकफर्टमार्गे येत असाल आणि वस्तू हातातल्या पिशवीत असेल, तर नोंद फ्रँकफर्टला करायची, कारण युरोपीय संघ तुम्ही तिथे सोडता. वस्तू न वापरलेली हवी. नवा कोट अंगात घालून खिडकीशी जाऊ नका. या सगळ्याला तासभर जास्तीचा धरा. परतावा वीस युरोंचा असेल आणि बरोबर दमलेले आईवडील असतील, तर माझ्या मते तो सोडून द्यावा.

सुट्या पैशांचा हिशोब शेवटच्या तीन दिवसांत करायचा असतो, शेवटच्या तासात नाही. हंगेरीचे फोरिंट आणि चेक कोरुना त्या त्या देशातच संपवा, आपल्याकडे ते घ्यायला सहसा कुणी तयार नसतं. प्रागमध्ये पैसे बदलताना फसल्यासारखं वाटलं तर पावती घेऊन तीन तासांच्या आत त्याच दुकानात परत जा. १००० युरोंपर्यंतचा व्यवहार रद्द करून मागण्याचा हक्क तिथला कायदा ग्राहकाला देतो. कार्डाने पैसे देताना यंत्र विचारतं, रुपयांत की इथल्या चलनात? नेहमी तिथलं चलन निवडा. रुपयांचा दर ते स्वतःच्या फायद्याचा लावतात. जर्मनीत प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, आणि १ जानेवारी २०२५ पासून ऑस्ट्रियातही आहे. खोलीत साठलेल्या रिकाम्या बाटल्या किराणा दुकानातल्या यंत्रात घातल्या की पैसे परत मिळतात. मुलांना हे काम द्या, ती आनंदाने करतात.

युरोच्या नोटा घरी आणून पुढे बदलता येतात, नाणी बदलून मिळत नाहीत. पण सगळी खर्चून टाकू नका. प्रत्येक देशाच्या नाण्याची एक बाजू त्याची स्वतःची असते. ऑस्ट्रियाच्या १ युरोवर मोझार्ट, २ युरोंवर शांततेचं नोबेल मिळवणाऱ्या बेर्टा फॉन झुटनर, १० सेंटवर श्टेफान्सडोम चर्चचं शिखर, २० सेंटवर बेल्वेडेर राजवाड्याचं फाटक, ५० सेंटवर सेझेशन या कलादालनाची इमारत. या तिन्ही वास्तू तुम्ही व्हिएन्नात डोळ्यांनी बघितलेल्या असतात. शेजारच्या मुलांसाठी असा एक संच गोळा करा, चॉकलेटपेक्षा जास्त दिवस टिकतो.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर दोन कामं निघायच्या आधीच व्हायला हवीत. पहिलं, चाकाच्या खुर्चीची मागणी. युरोपातल्या विमानतळांवर ही मदत कायद्याने विनामूल्य आहे, मात्र किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवावं लागतं. ती मागताना आईला किंवा सासऱ्यांना संकोच वाटतो. त्यांना सांगा की फ्रँकफर्टला एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतचं अंतर गावातल्या घरापासून बाजारापर्यंतच्या अंतराएवढं असू शकतं. दुसरं, हॉटेल. खोली बहुधा अकराला सोडावी लागते आणि विमान रात्रीचं असतं. बॅगा हॉटेलात ठेवून घेतात, पण माणसांना टेकायला जागा लागते. परवडत असेल तर शेवटच्या रात्रीला आणखी अर्धा दिवस जोडून मागा. नाहीतर जवळची बाग, कॉफीगृह, संग्रहालयातली बाकं, असं बसण्याचं ठिकाण आदल्या दिवशीच बघून ठेवा. इटलीत असाल तर खोली सोडताना शहराचा पर्यटक कर वेगळा मागतात, माणशी आणि रात्रीप्रमाणे. ती फसवणूक नाही. तेवढे पैसे बाजूला काढून ठेवा.

विमानच रखडलं तर? युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणारं कुठल्याही कंपनीचं विमान तिथल्या प्रवासीहक्कांच्या नियमात बसतं. कंपनी आखाती असो वा भारतीय. मुंबईसारख्या ३५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात कंपनीच्या चुकीने पोहोचायला खूप उशीर झाला किंवा विमान ऐनवेळी रद्द झालं, तर माणशी ६०० युरोंपर्यंत भरपाई मागता येते. वादळ, हवाई नियंत्रणातला अडथळा अशा कारणांना ती मिळत नाही, पण ताटकळावं लागलं तर जेवण, आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल, हे तरीही द्यावंच लागतं. खिडकीवरच्या माणसाकडे ते शांतपणे मागा, आणि बोर्डिंग पास, पावत्या, उशिराचे संदेश जपून ठेवा. बॅग आली नाही किंवा फुटून आली तर विमानतळाबाहेर पडण्याआधी लेखी तक्रार नोंदवा. नुकसानीची तक्रार सात दिवसांत करायची असते.

पासपोर्ट हरवण्याची भीती शेवटच्या दिवसांत जास्त, कारण आता हात सैल पडलेले असतात. त्याची आणि व्हिसाची प्रत मोबाइलमध्ये, शिवाय घरी कुणाकडे तरी असू द्या. हरवलाच तर आधी पोलिसांत नोंद, मग भारतीय दूतावास. तिथून भारतात परतण्यापुरता तातडीचा दाखला मिळतो. त्यासाठीही कामाचे एक-दोन दिवस हाताशी लागतात, आणि ते दिवस तुम्ही मोकळे ठेवलेले असले तरच हाताशी असतात.

शेवटच्या संध्याकाळी बॅगा भरून, वजन करून दाराशी लावा. मळके कपडे एका पिशवीत, दुसऱ्या दिवशीचा एक जोड वर. उरलेली चकली आणि लाडवांचा चुरा काढा आणि सगळे मिळून खोलीतच चहा करा. युरोपात पुष्कळ हॉटेलांच्या खोल्यांत किटली नसते, म्हणून घरून छोटी आणलेली असेल तर ती आज शेवटची वापरा आणि गार झाल्यावरच भरा. मग घरी तीन निरोप पाठवा: दूधवाल्याला परवापासून एक लिटर, शेजारच्या काकूंना किल्लीचं, आणि पोळ्यांच्या मावशींना, की पोहोचल्या दिवशी नुसता वरणभात पुरे.